किन्सी मिलहोन वाचलीत का?
रहस्यकथा आवडत असतील आणि सू ग्राफ्टन वाचली नसेल, तर किन्सी मिलहोनला भेटाच! 1982 साली ‘ए इज फॉर अलिबाय’ आली आणि कॅलिफोर्नियातल्या सांता टेरेसा या काल्पनिक शहरात ही खासगी डिटेक्टिव्ह कामाला लागली. वय 32, दोनदा घटस्फोट, पोलिसातली नोकरी सोडलेली. गॅरेजचं घर केलंय त्यात राहते, फोक्सवॅगन चालवते, समारंभांना एकच काळा ड्रेस.

मला सगळ्यात भावते ती तिची कामाची पद्धत. कथा ऐंशीच्या दशकातच घडतात, त्यामुळे मोबाइल नाही, इंटरनेट नाही. ती सरकारी दफ्तरं चाळते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलतं करते, कळलेली एकेक गोष्ट छोट्या कार्डावर टिपते आणि ती कार्डं पुन्हा पुन्हा मांडून बघते. मग कुठेतरी काहीतरी जुळत नाही, आणि तिथेच खरी गंमत सुरू होते! भीती वाटली तर तसं सरळ सांगते, तरीही दार ठोठावतेच.

इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने ही मालिका 2017 मध्ये ‘वाय’पर्यंत आली. त्याच वर्षी ग्राफ्टन गेल्या, ‘झेड’ राहूनच गेलं. कुठलंही पुस्तक सुटं वाचता येतं, पण सुरुवात ‘ए’पासूनच करा. म्हाताऱ्या घरमालक हेन्रीशी तिचं नातं कसं मुरत जातं, ते क्रमाने वाचण्यातच मजा आहे.