थैलीवरची तारीख

मृगाच्या तोंडावर अकोल्यात बियाणं घ्यायला आलेला शेतकरी थैली उलटी करून आधी तारीख पाहतो. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीच्या दिवसापासून ९ महिने. नंतर पुन्हा तपासणी झाली तरच मुदत वाढते. दुकान आजोबांच्या काळचं असलं तरी थैलीला त्याचं वय लागत नाही. सर्व्हरच्या बाबतीत मात्र आपण दुकानाची पाटी पाहून निर्धास्त होतो.

इथल्या एका जिनिंगचा हिशेब रॉकी लिनक्स ८ वर चालतो. आधीच्या माणसानं सर्व्हरच्या डब्यावर स्केचपेननं लिहून ठेवलंय : ‘२०२९ पर्यंत चिंता नाही.’ मालकांचंही म्हणणं तेच. “चालू आहे ना? मंग काहून हात लावता जी?”

२०२९ हे साल खोटं नाही. रेड हॅटच्या लिनक्सची ८ वी आवृत्ती मे २०१९ मध्ये दहा वर्षांच्या हमीवर आली आणि रॉकी तिच्याच मागोमाग चालतं. पण ती हमी पायाची : कर्नल, मूळ लायब्ररी वगैरे. पीएचपी, पोस्टग्रेस, नोड अशा गोष्टी मॉड्यूल म्हणून येतात. एका मॉड्यूलच्या अनेक स्ट्रीम असतात, त्यातली एका वेळी एकच लावता येते, आणि प्रत्येक स्ट्रीमची मुदत वेगळी.

इथला हिशेब पीएचपीत लिहिलेला, म्हणून मी रॉकीच्या पॅकेज साधनाला, डीएनएफला, विचारलं : ‘डीएनएफ मॉड्यूल लिस्ट पीएचपी’. ७.२, ७.३, ७.४, ८.० अशा ओळी आल्या. ७.२ पुढे कंसात ‘डी’, म्हणजे न सांगता मिळणारी; शेजारी ‘ई’, म्हणजे चालू केलेली. नाव, स्ट्रीम, प्रोफाइल, वर्णन असे रकाने आहेत. तारखेचा रकानाच नाही. पीएचपीच्या मूळ मंडळींनी ७.२ ला ३० नोव्हेंबर २०२० रोजी निरोप दिला आणि पुढच्या वर्षी रेड हॅटनंही. तरी हिशेब बिनबोभाट चालू होता. मुदत संपली म्हणून काही बंद पडत नाही, फक्त दुरुस्त्या यायच्या थांबतात. अपडेटच्या यादीत पीएचपीचं नाव नसलं की आपण समजतो, सगळं ठीक आहे.

आकड्यावर तर अजिबात विसंबू नये. ८.० ची मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली, पण तिच्याहून जुनी ७.४ मे २०२९ पर्यंत चालणार! मूळ प्रकल्पानं ७.४ कधीच सोडली, पण रेड हॅट नव्या दुरुस्त्या तिच्यात मागे आणून बसवतं. पायथन २.७ चंही तसंच : मूळ प्रकल्पानं जानेवारी २०२० मध्ये हात काढला, इथे ती जून २०२४ पर्यंत जगली.

ही तारीख मॉड्यूलसोबतच पाठवायची सोय नंतर झाली. ‘ऑब्सोलीट्स’ नावाच्या छोट्या नोंदीत स्ट्रीम कधी संपणार, तिच्या जागी कोणती घ्यायची आणि वापरणाऱ्याला काय सांगायचं, हे लिहिता येतं. त्यावरून आपोआप स्ट्रीम बदलण्याची सेटिंग डीएनएफमध्ये आहे, पण मुळात ती बंद असते. ते योग्यच वाटतं. रात्री दोनला पीएचपी आपणहून बदललेली कुणाला हवी आहे?

आम्ही ७.४ वर गेलो. जुन्या हिशेबात ‘ईच’ हे फंक्शन जागोजागी होतं आणि पीएचपी ८ मध्ये ते काढून टाकलंय. आधी बॅकअप, मग मॉड्यूल ‘रीसेट’, ७.४ ‘एनेबल’, शेवटी ‘डिस्ट्रो-सिंक’. बाहेरून आणलेलं एक एक्स्टेन्शन ७.२ साठी बांधलेलं होतं, ते नव्यानं बांधावं लागलं. त्यातच दुपार गेली. पोस्टग्रेस असती तर डेटाही नव्या आवृत्तीत न्यावा लागला असता.

हे काम मे महिन्यात केलं. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या फाटकाशी लागल्या की काट्याची पावती क्षणभरही अडून चालत नाही. डब्यावरचं २०२९ तसंच ठेवलंय, पण त्याखाली आता चार ओळी आहेत : पायाची, पीएचपीची, डेटाबेसची, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा पाहायची.