हॉलंडची हवा आणि कोंबडीचं खत

हॉलंड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ट्यूलिपची शेतं ('सिलसिला'ची कृपा!), पवनचक्क्या, सायकली. तिथल्या खेड्यातली हवा म्हणजे एकदम फ्रेश असणार, असं आपण धरूनच चालतो. पण मित्रांनो, फेब्रुवारी सरता सरता बार्नेवेल्डला गेलात तर स्वागताला येतो तो खताचा वास.

बार्नेवेल्ड हे गेल्डरलँड प्रांतातलं कोंबड्यांचं गाव. तपकिरी अंडी देणारी 'बार्नेवेल्डर' ही जात इथलीच, आणि गावात कोंबडीपालनाचं चक्क म्युझियम आहे. आजूबाजूला कोंबड्या, डुकरं, गाई यांच्या शेडच शेड. जवळून ए-१ महामार्ग जातो आणि पूर्वेला वेलुवे हा जंगल आणि माळरानाचा मोठा प्रदेश. महामार्ग आणि जंगल दोन्ही लक्षात ठेवा, पुढे लागतील.

वास नेमका तेव्हाच का? हिवाळ्यात गवत वाढत नाही. तेव्हा खत टाकलं तर त्यातला नायट्रेट पावसाबरोबर भूजलात उतरतो. म्हणून त्या काळात पातळ खत शेतात टाकायला कायद्याने बंदी आहे. ते शेडखालच्या टाक्यांत साठत राहतं, आणि फेब्रुवारीच्या मध्याला बंदी उठली की सगळ्यांचे टँकर एकदमच बाहेर पडतात.

आता थोडी केमिस्ट्री. (मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटू नये!) गाईच्या मुतातल्या युरियाला शेणातलं युरिएज हे एन्झाइम भेटलं की अमोनिया सुटतो. कोंबडीच्या विष्ठेत युरिक ॲसिड असतं, पण शेवट तोच. नुसता अमोनिया बराचसा जवळपासच जमिनीवर उतरतो. मात्र महामार्गावरच्या गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड हवेत नायट्रिक ॲसिड बनतात, आणि दोघांची गाठ पडली की अमोनियम नायट्रेटचे कण तयार होतात. हे कण अडीच मायक्रॉनहून बारीक असल्याने फुप्फुसात खोलवर जातात. त्यांना वास नसतो आणि ते शेकडो किलोमीटर प्रवास करतात. म्हणजे नाकाला त्रास होतो तेव्हा धोका जास्त, हे गणित इथे चालत नाही.

ही रिॲक्शन उलटही फिरते. बारावीत घोकलेलं ले शातेलिएचं तत्त्व आठवा: थंड आणि दमट हवेत कण टिकतात, उन्हाळ्यात त्यांचा पुन्हा वायू होतो. म्हणून मार्च महिना वाईट. खत नुकतंच पडलेलं, थंडी अजून गेलेली नाही, आणि हवेचा दाब वाढून वारा पडला की सगळं जागच्या जागी साचतं. मार्च २०१४ मध्ये पॅरिसमध्ये सम-विषम नंबरप्रमाणे गाड्या सोडाव्या लागल्या, त्या धुरक्यातही अमोनियम नायट्रेटचा मोठा वाटा होता. दोष शहराच्या गाड्यांचा, तसाच दूरच्या शेतांचाही.

उन्हाळ्यात शेडचे पंखे जोरात चालतात, अमोनिया भरपूर असतो, पण ही धूळ कमी. त्याऐवजी उन्हाच्या दिवशी ओझोन वाढतो. पावसाळी, समुद्रावरच्या वाऱ्यात हवा धुऊन निघते. हिवाळ्यात घरोघरच्या लाकडाच्या शेगड्या. आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री फटाक्यांमुळे नव्या वर्षाचा पहिलाच तास सगळ्यात घाण. आपल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसारखंच म्हणा ना.

कोंबड्यांची धूळ मात्र बाराही महिने. २०१२ पासून युरोपात जुन्या पद्धतीचे अरुंद पिंजरे बंद झाले. कोंबड्या मोकळ्या जमिनीवर आल्या, भुशात खेळू लागल्या आणि धूळ वाढली! कोंबडीचं भलं झालं, पण शेजाऱ्याच्या फुप्फुसाचं काय? डुकरांच्या शेडवर हवा ॲसिडने धुणारे स्क्रबर बसवले. पण २०१८ मध्ये तपासणीत दिसलं की एकाच यंत्रात अमोनिया आणि वास दोन्ही काढणारे स्क्रबर कागदावर लिहिलंय त्यापेक्षा बराच कमी वास काढतात. टेस्ट बेंचवरचं आणि फील्डवरचं रीडिंग वेगळं, हे आपल्याला नवीन नाही.

आता वेलुवेकडे. तिथे उतरणाऱ्या नायट्रोजनने माती आम्लधर्मी होते, कॅल्शियम वाहून जातं, गोगलगाई कमी होतात. त्या खाऊन कॅल्शियम मिळवणाऱ्या टिट पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची निघतात, हे डच संशोधकांनी १९९० च्या दशकातच दाखवलं होतं.

२९ मे २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नायट्रोजन परवान्यांची पद्धतच रद्द केली. १ ऑक्टोबरला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगवर धडकले. मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत तर शेतकऱ्यांची बाजू घेणारा, २०१९ मध्येच स्थापन झालेला बीबीबी हा पक्ष पहिला आला.

त्यांचा राग समजण्यासारखा आहे. १९९० पासून देशातला अमोनिया निम्म्याहून जास्त घटला, तो खत जमिनीत चिरा पाडून भरल्यामुळे, टाक्या झाकल्यामुळे. म्हणजे त्यांच्याच खर्चाने. शिवाय २०१९ पूर्वी नियमच असा होता की नायट्रोजनची वाढ किरकोळ असेल तर परवाना नको, नुसती नोंद करा. हजारांवर शेतकऱ्यांनी तशी नोंद केली, कर्ज काढून शेड बांधल्या. निकालानंतर त्यांच्या हातात नोंदीचा कागद उरला आणि शेड बेकायदा ठरली.