डायालिसिस कक्षातील आनुवंशिक आजाराचा शोध : एक मागोवा

1898 साली जर्मनीतील योहान्नेस फॅब्री आणि इंग्लंडमधील विल्यम अँडरसन या दोन वैद्यांनी, एकमेकांचे काम ठाऊक नसताना, अंगावर बारीक काळपट-लाल ठिपके उठलेल्या रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली, आणि त्यांतून पुढे ‘फॅब्री आजार’ हे नाव रूढ झाले. या आजारात एका विकराची, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाची, उणीव असते, हे 1967 साली अमेरिकेत रॉस्को ब्रेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. ‘अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए’ या नावाने ओळखला जाणारा हा विकर नसला की एक स्निग्ध पदार्थ रक्तवाहिन्या, हृदय आणि मूत्रपिंड यांत साचत जातो. बालपणी हातापायांची आग होते, घाम कमी येतो, आणि प्रौढ वयात मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्ण डायालिसिसवर, म्हणजे यंत्राद्वारे रक्तशुद्धीवर, येऊन ठेपतो.

तोवर मूळ कारण शोधण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते आणि नोंदीत ‘कारण अज्ञात’ एवढेच उरते. 2001 साली युरोपात उणीव असलेला विकर शिरेवाटे देण्याच्या उपचाराला मान्यता मिळाल्यावर अशा रुग्णांची पुन्हा तपासणी करण्याला नवा अर्थ आला. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात डायालिसिसवरील 514 पुरुषांपैकी 6 जणांना हा आजार असल्याचे आढळले. त्याच वर्षीच्या नेदरलँड्समधील अभ्यासात 508 पुरुषांत 1, तर 2004 सालच्या ऑस्ट्रियातील अभ्यासात 2480 रुग्णांत 4 जण सापडले. आकडे लहान असले तरी दोषी जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे रुग्ण पित्याच्या प्रत्येक मुलीकडे तो जातो आणि वाहक मातेच्या प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून निकामी मूत्रपिंड उपचाराने पूर्ववत होत नसले, तरी एका रुग्णाच्या निदानातून ज्यांची मूत्रपिंडे अजून शाबूत आहेत असे भाऊ, बहिणी आणि मुले वेळीच हाती लागतात. स्त्रियांत विकराचे प्रमाण सर्वसाधारण दिसू शकत असल्याने त्यांच्यासाठी जनुक तपासणीच आवश्यक ठरते.

आनुवंशिक आजाराचा समाजात जाऊन असा शोध घेण्याचा विदर्भाचा अनुभव मात्र फॅब्रीचा नव्हे, सिकलसेलचा आहे. तांबड्या पेशींना विळ्याचा आकार देणाऱ्या या रक्तदोषाची मध्य भारतातील नोंद 1958 साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही आपल्या कामाच्या आरंभीच्या काळात याच आजाराचा अभ्यास केला. त्यातून आजाराचा प्रसार सिद्ध झाला, परंतु लोकांच्या दृष्टीने तो प्रश्न अग्रक्रमाचा नव्हता आणि संशोधनाचा त्यांना प्रत्यक्ष लाभ झाला नाही, असा निष्कर्ष पुढे डॉ. अभय बंग यांनीच काढला. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले तेव्हा सात कोटी लोकांच्या तपासणीसोबत समुपदेशनही त्याचा भाग मानले गेले, हा या दीर्घ अनुभवाशी जुळणारा बदल होय.

दरम्यान 2016 साली घोषित झालेल्या राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रमाने ही सेवा जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेण्याचे ठरवले, आणि 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात फॅब्रीचा समावेश होऊन मुंबईचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्रांपैकी एक ठरले. विदर्भातील, तेलंगणाच्या सीमेलगतच्या, गोंड आणि कोलाम वस्ती असलेल्या कोरपना तालुक्यासारख्या भागाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, फॅब्रीच्या प्राथमिक तपासणीसाठी रुग्णाला मुंबईला जावे लागत नाही. शोषक कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब टपालानेही प्रयोगशाळेत पोहोचतो. ज्यांच्या मूत्रपिंडविकाराचे कारण नोंदलेले नाही, अशा रुग्णांपासून या तपासणीचा आरंभ करता येईल. त्याच वेळी सिकलसेलही मूत्रपिंडाला इजा करतो, हे लक्षात घेऊन दोन्ही शक्यता तपासल्या जाव्यात.

तथापि सिकलसेलच्या इतिहासातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. निदानानंतर रुग्णाच्या बोलीत समजावून सांगणारा समुपदेशक, कुटुंबाच्या तपासणीची सोय आणि महागड्या विकर-उपचाराचा शाश्वत निधी यांची तरतूद आधी झाली पाहिजे. त्यावाचून केलेली तपासणी संशोधनाच्या नोंदींत भर घालील, रुग्णाच्या आयुष्यात नाही.