कागदांची पेटी आणि तिच्या किल्ल्या

मोसमकाठच्या नामपुरात काय किंवा आणखी कुठे काय, पोराच्या जातपडताळणीचे काम निघाले की आपल्या घरात पहिली शोधाशोध होते ती पत्र्याच्या पेटीची. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या खऱ्या, पण पुरावा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा कोतवाल बुकातील नक्कल सापडली, तर साऱ्या भाऊबंदांच्या मुलांना ती उपयोगी पडते. पेटी मात्र एकच, आणि माणसे मालेगाव, नाशिक, मुंबईला पांगलेली.

घरातील शिकलेल्या मुलांनी यासाठी खाजगी विकी उभारावी. विकी म्हणजे सर्वांनी मिळून लिहावयाची संगणकावरची वही. विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकी’वर चालतो, ती मोफत मिळते. पण सावध असावे. ती मुळात सताड उघडी असते. कोणीही वाचावे, कोणीही लिहावे. ‘लोकलसेटिंग्ज’ नावाच्या फाइलीत अनोळखी माणसाचे वाचणे बंद करावे, लिहिणे बंद करावे आणि स्वतः खाते उघडणेही बंद करावे. हे तिसरे दार हमखास विसरते. मग बाहेरचा माणूस खाते उघडतो, सभासद होतो आणि आधीची दोन कुलुपे फुकट जातात.

दुसरी गोम फोटोंची. पान बंद केले तरी दाखल्याचा फोटो वेगळ्या कप्प्यात असतो. त्याचा नेमका पत्ता हाती लागला, तर लॉगिन न करताही तो उघडू शकतो. म्हणून तो कप्पा थेट पाहण्यास बंद करून ‘इमेज ऑथ’ या मार्गाने फोटो दाखवावे लागतात. आपला सारा ऐवज फोटोंतच आहे, तेव्हा हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

आणि आधार क्रमांक, बँकेचे पासबुक यात घालूच नये. मीडियाविकी एकेक पान एकेका माणसापासून लपविण्यासाठी बनलेली नाही. आत आला तो सगळे वाचतो. चुकून घातलेला मजकूर खोडला तरी जुन्या आवृत्तीत तो दिसतच राहतो.

वाचण्याची परवानगी घरात सर्वांना द्यावी, लिहिण्याची तिघाचौघांना. प्रत्येकाचे खाते वेगळे हवे. एकच पासवर्ड सगळ्यांत फिरला, तर वंशावळीत काकांचे नाव कोणी बदलले ते कळावयाचे नाही. प्रशासक दोन असावेत, वेगवेगळ्या घरांतले. एकाचा फोन हरवला, तरी पेटी बंद पडत नाही.

यादी करताना सासरी गेलेल्या लेकीचे नाव मात्र गाळले जाते. तिचा दाखला वडिलांच्या कागदांवरच निघतो. लग्नाने तो बदलत नाही. नोकरीचा अर्ज भरताना तिने भावाला किती वेळा फोन करावयाचा? सुनेचे कागद तिच्या माहेरचे, हे खरे. पण तिच्या मुलांना आपल्याच पेटीतले लागणार, आणि तलाठ्याच्या दारी खेपा घालावयाच्या त्याही तिलाच.