सिमेंटचा थर आणि १२३ मिलिमीटरची वाघीण

महाराष्ट्रातल्या असंख्य जुन्या घरांत पायाखाली शहाबादी फरशी असते, पण शहाबाद कुठे आहे हे फार थोड्यांना सांगता येतं. ते कलबुर्गी जिल्ह्यात आहे, वाडी जंक्शनच्या अलीकडे, मुंबई-रायचूर मार्गावर. हा मार्ग १८७१ मध्ये रायचूरला पोहोचला आणि १८७४ मध्ये निजामाच्या रेल्वेने वाडीहून सिकंदराबादचा फाटा काढला. इथला चुनखडीचा दगड आधी फरशी होऊन मालगाडीत चढला, पुढे वाडीत सिमेंट होऊन. म्हणजे या मुलखाचं जे काही बाहेर गेलं, ते मुख्यतः मालगाडीच्या डब्यांतून, जुन्या मराठीत वाघिणींतून. तरीही छोट्या प्रमाणातली रेल्वे घडवणारे इंजिनावर आणि एक्स्प्रेसच्या डब्यांवर जीव टाकतात, आणि वाघीण मागे जोडायची म्हणून जोडतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. एका ठिकाणची आणि एका सालची म्हणून नेमकी घडवलेली वाघीण त्या मुलखाच्या व्यापाराचा दस्तऐवज ठरते, आणि हे काम इंजिनाच्या मॉडेलला इतकं चांगलं जमत नाही.

सुरुवात मापाने होते. कोळशाची उघडी बॉक्सएन वाघीण कपलरपासून कपलरपर्यंत १०.७१३ मीटर लांब असते. १:८७ या प्रमाणात, म्हणजे एचओमध्ये, ती १२३ मिलिमीटर भरते. पुण्यातलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय याच प्रमाणाचं आहे. ५८ वाघिणींची पूर्ण गाडी केली तर ती सात मीटरांच्या पुढे जाते, म्हणून घरात आठ-दहा वाघिणींवर भागवावं लागतं. वजनाचा हिशेब अधिक अवघड आहे. लांबी ८७ ने भागायची, पण वजन ८७ च्या घनाने. साडेबावीस टनांची रिकामी वाघीण त्या हिशेबाने जेमतेम ३४ ग्रॅमची होते, आणि इतकी हलकी वाघीण घरातल्या आखूड वळणावर रूळ सोडते. मग तळाखाली, बाहेरून दिसणार नाही असं शिसं चिकटवून ती शंभर ग्रॅमच्या आसपास आणतात. भरलेली वाघीण मात्र ८१ टनांची, आणि भागाकार केला की थेट १२३ ग्रॅम येतात. मिलिमीटर आणि ग्रॅम दोन्ही १२३ यावेत हा निव्वळ योगायोग, पण घडवणाऱ्याला सुखावणारा.

खरी माहिती मात्र मळात आहे. सिमेंट कारखान्याला कोळसा येतो तो उघड्या वाघिणीतून आणि सिमेंटच्या गोण्या जातात त्या बंद बीसीएन वाघिणीतून, कारण सिमेंटला पाणी चालत नाही. कोळशाची भुकटी पावसात बरीचशी धुऊन जाते. सिमेंटची धूळ पाणी लागलं की घट्ट होते आणि दारांच्या खाली राखाडी थर होऊन बसते. म्हणून दोन्ही वाघिणींवर एकच तपकिरी रंग फिरवणं म्हणजे त्यांचा धंदा पुसून टाकणं. बॉक्सएनएचएल जातीचा सांगाडा स्टेनलेस स्टीलचा असतो. तिच्यावर सर्वत्र गंजाचे ओघळ काढणं तर सरळ चूक आहे. शेजारच्या बिदरमध्ये बिदरीच्या भांड्यांना शेवटचा काळा रंग किल्ल्याच्या मातीने येतो. इथेही शेवटचा हात गावच्या धुळीचाच असायला हवा.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे १:८७ मध्ये १९.२६ मिलिमीटरचा. बाजारातले रूळ परदेशी १,४३५ च्या हिशेबाने १६.५ मिलिमीटरचे. तेव्हा चाकं दोन्ही बाजूंची मिळून पावणेतीन मिलिमीटर आत ओढलेली दिसतात; मग कसला दस्तऐवज? त्रुटी खरी आहे, आणि ती मॉडेलच्या सोबत लिहून ठेवावी. पण ती तळाखाली राहते. सांगाडा, दारं, खुणा, थर यांची साक्ष तिने बिघडत नाही. ज्याला तेही सहन होत नाही त्याने रूळ स्वतः टाकावेत. वेळखाऊ आहे, अशक्य नाही.

दुसरा आक्षेप असा की आराखडे आहेत, छायाचित्रं आहेत, मग मॉडेल कशाला? आराखडा कारखान्यातून बाहेर पडलेली वाघीण दाखवतो, दहा पावसाळ्यांनंतरची नाही. छायाचित्र एक बाजू आणि एक क्षण धरतं; मॉडेल दोन्ही बाजू, तळ आणि टोकं एकत्र मागतं, आणि जिथे माहिती नाही तिथे घडवणाऱ्याला थांबवतं. मात्र मळ मनाने रंगवला तर हा सगळा युक्तिवाद कोसळतो. म्हणून पाहिलेल्या वाघिणीचाच थर उतरवावा, अंदाजाचा नको.

हा नियम आकड्यांनाही लागू आहे. आजच्या वाघिणीवर अकरा आकडे असतात. पहिले दोन जात सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, पाचवा आणि सहावा बांधणीचं साल. बिदर-कलबुर्गी मार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. त्या मार्गाचं २०१८ चं दृश्य मांडलं तर पाचव्या-सहाव्या जागी १९ लिहिलेली वाघीण तिथे उभी करता येणार नाही, आणि १७ लिहिलेल्या वाघिणीच्या दाराखाली दहा पावसाळ्यांचा थर चढवता येणार नाही.