प्रोसेसरचा वेग आणि यावलचा उन्हाळा

संगणकाचा प्रोसेसर कारखान्यानें ठरविलेल्या वेगापेक्षां अधिक वेगानें चालविण्यास ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. पैसा न खर्चितां वेग मिळावा ही इच्छा स्वाभाविक आहे आणि ती कधीं कधीं फळासही येते. १९९८ सालीं निघालेला इंटेलचा ‘सेलेरॉन ३०० ए’ हा प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा. पण पुष्कळ हौशी लोकांनीं तो ४५० मेगाहर्ट्झवर सुखरूप चालविला. परंतु हा लाभ सर्वत्र सारखा होत नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या यावलसारख्या गांवीं त्याचा निर्णय प्रोसेसरच्या गुणाइतकाच खोलींतील हवेवर अवलंबून असतो.

प्रोसेसरमध्यें कोट्यवधि सूक्ष्म विद्युत्-कळा असतात. त्या उघडमीट करतांना वीज उष्णतेंत जाते. ठोके वाढले कीं उष्णता त्याच प्रमाणांत वाढते. पण वेग पेलावा म्हणून व्होल्टेज वाढविलें, तर ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग ४००० वरून ४४०० मेगाहर्ट्झ आणि व्होल्टेज १.२० वरून १.३० केलें, तर वेग १० टक्के वाढतो, उष्णता मात्र सुमारें २९ टक्के.

इंटेलचे वेग बदलतां येणारे ‘के’ वर्गाचे प्रोसेसर २०१५ पासून बहुधा पंख्याविना विकले जातात. एएमडीच्या कित्येक रायझन प्रोसेसरांबरोबर मात्र पंखा येतो व त्यांचा वेगही बदलतां येतो. हा पंखा थंडावा निर्माण करीत नाहीं. तो खोलींतलीच हवा धातूच्या पात्यांवरून फिरवितो. म्हणून प्रोसेसरचें तापमान म्हणजे खोलीचें तापमान अधिक त्याची स्वतःची वाढ.

समजा, मूळ वेगावर पूर्ण काम करतांना ही वाढ ४५ अंश आहे. वरील फेरफारानंतर ती ५८ होईल. पौषांतल्या रात्रीं खोली २० अंशांवर असतां प्रोसेसर ७८ अंशांवर राहील आणि प्रयोग साधला असें वाटेल. वैशाखांत खानदेशांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हां बंद खोलींत ४० अंश असले, तर तोच प्रोसेसर ९८ अंशांवर जाईल. आजच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. ती गांठतांच प्रोसेसर आपण होऊन मंदावतो आणि मिळविलेला वेग हातचा जातो. याहून वाईट म्हणजे, वेग न पेलल्यास गणितांत मूक चुका होतात. घरचे हिशेब व छायाचित्रें नकळत बिघडूं शकतात.

यास्तव प्रथम महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत ठेवावी. पंख्यांतील धूळ काढून मूळ वेगावर, भर दुपारीं, तापमान नोंदवावें. मग बायोसमध्यें वेग १०० मेगाहर्ट्झनें वाढवावा. व्होल्टेज ‘आपोआप’ वर सोडूं नये, कारण मदरबोर्ड तें स्वतःच चढवूं शकतो. तें मूळचेंच कायम ठेवावें. प्रत्येक पायरीवर अर्धा तास जड काम देऊन पाहावें. तापमान ८५ अंशांच्या वर गेलें किंवा संगणक एकदांही अडखळला, तर एक पायरी मागें यावें. यंत्र सुरूच न झालें, तर वीज तोडून मदरबोर्डवरील बायोसची जुळवणी मूळपदावर आणतां येते.

खसाच्या किंवा लाकडी गवताच्या कूलरनें कोरड्या उन्हाळ्यांत खोली निवते व त्याचा लाभ प्रोसेसरलाही मिळतो. परंतु ओलसर झोत थेट संगणकावर सोडूं नये. शिवाय वीज गेली कीं हा आधारही जातो, म्हणून परीक्षा त्याविनाच घ्यावी. ओव्हरक्लॉकिंगनें झालेलें नुकसान कंपनीच्या हमींत सहसा बसत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

आजचे प्रोसेसर थंड असतां स्वतःच वेग वाढवितात. त्यामुळें व्होल्टेज किंचित् उतरवून उष्णता कमी करणें, हाच पुष्कळदां अधिक फलदायी उपाय ठरतो. त्याचीही परीक्षा तशीच पायरीपायरीनें घ्यावी. जो वेग वैशाखांतली दुपार सोसतो, तोच त्या घरापुरता खरा वेग समजावा.