काजळ, डिंक आणि पेनाचे टोक

ज्ञानपंचमीला पाटावर शास्त्रग्रंथ मांडले जातात, त्यांच्यापुढे वह्या आणि लेखण्या ठेवून वासक्षेप वाहिला जातो. पूर्वी या मांडणीत बोरू आणि दौत असे. आता बहुतेक घरांत जेल पेनांचे पाकीट असते. पूजेचा भाव तोच आहे; मात्र त्या पाकिटातील शाई आणि दौतीतील शाई यांचे नाते काय, हा प्रश्न आमच्या घरी एका कागदामुळे उभा राहिला.

आजीने स्वतः रचलेले एक स्तवन निळ्या बॉलपेनने लिहून काचेच्या चौकटीत बसविले होते. घरदेरासराच्या खिडकीशेजारी ती चौकट सुमारे चाळीस वर्षे टांगलेली होती. रोज दृष्टीस पडणाऱ्या वस्तूकडे कोणी निरखून पाहत नाही. ज्या वर्षी पाहिले, त्या वर्षी कागद जवळजवळ कोरा होता. स्तवनाची दुसरी प्रत नव्हती. विजेरीचा प्रकाश कागदावर आडवा पाडला, तेव्हा पेनाच्या टोकाने उमटलेल्या खाचांवरून दोन कडवी लागली. उरलेली तीन लागली नाहीत. त्याच कपाटात पणजोबांच्या काळातील एका हस्तलिखित पोथीची काही सुटी पाने होती. कागद तपकिरी पडलेला, कडा झडलेल्या, पण अक्षर काळेभोर.

हा फरक नशिबाचा नव्हे, रसायनाचा आहे. शाईत रंग दोन प्रकारे असू शकतो. पहिला प्रकार विरघळणारा रंग. साखर पाण्यात मिसळावी तसा तो द्रवात रेणूरेणूने मिसळतो आणि कागदाच्या तंतूंत शिरतो. दुसरा प्रकार न विरघळणारे रंगकण. ते द्रवात केवळ तरंगत राहतात आणि द्रव उडून गेला की तंतूंच्या जाळीत अडकून बसतात. विरघळलेल्या रंगाचा रेणू सुटा असल्यामुळे सूर्यप्रकाश त्याला सहज गाठतो. साध्या बॉलपेनच्या निळ्या-जांभळ्या शाईत वापरले जाणारे अनेक रंग याबाबतीत विशेष नाजूक आहेत. रंगकणात लक्षावधी रेणू एकत्र असतात. वरचा थर झिजला तरी आतला शाबूत राहतो. काजळीचा कण तर शुद्ध कार्बन. प्रकाश, पाणी किंवा स्पिरिट यांपैकी कशानेही त्याचा रंग जात नाही.

मग सर्वच शाया रंगकणांच्या का करीत नाहीत? कारण न विरघळणारा कण पाण्यात तरंगत ठेवणे अवघड असते. चिमूटभर काजळी पाण्यात टाकून पाहावी. आधी ती भिजतच नाही, तेलकटपणामुळे वर तरंगते. बळेच ढवळली तर कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि थोड्या वेळाने तळाशी गाळ बसतो. बसण्याचा हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्यास निम्मा झाला तर वेग चौथाईवर येतो. अतिसूक्ष्म कण पाण्याच्या रेणूंच्या धडकांनीच तरंगत राहतो. म्हणून स्थिर शाईची युक्ती दोन पायऱ्यांची आहे: गुठळ्या फोडायच्या आणि फुटलेले कण पुन्हा एकत्र येऊ द्यायचे नाहीत.

ही युक्ती आपल्या लेखकांना, म्हणजे पोथ्या लिहिणाऱ्या लहियांना, अनुभवाने पूर्ण अवगत होती. पाटण आणि जेसलमेरचे ज्ञानभांडार ज्यांनी व्यवस्थित लावले, त्या मुनी पुण्यविजयजींनी जैन लेखनकलेवरील आपल्या गुजराती ग्रंथात शाईच्या जुन्या कृती एकत्र केल्या आहेत. त्यांतील प्रसिद्ध कृतीचे प्रमाण असे: जितके काजळ तितका बोळ, त्याच्या दुप्पट डिंक, आणि वर भांगऱ्याचा रस. भांगरा म्हणजे आपला माका. हे मिश्रण तांब्याच्या भांड्यात कडुनिंबाच्या घोट्याने दीर्घकाळ घोटावयाचे. घोटण्याने गुठळ्या फुटतात. डिंकाच्या लांबलचक रेणूंचे एक टोक काजळीच्या कणाला धरते आणि उरलेला भाग पाण्यात पसरतो. प्रत्येक कणाभोवती असे झिपरे कवच झाले की दोन कण परस्परांना भिडूच शकत नाहीत. डिंकाचे पाणी लवकर नासते. बोळ हा जंतुरोधक आहे आणि तांब्याचा अंशही बुरशीला मानवत नाही. आधुनिक शाईत यासाठी वेगळे परिरक्षक घालावे लागते. लहियाचे भांडेच ते काम करीत असावे.

डिंकाच्या या कवचाचे शास्त्र विसाव्या शतकात उलगडले. १९९१ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळालेले फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन हे शाळाशाळांतून मुलांना मृदू पदार्थांचे विज्ञान समजावून सांगत, तेव्हा काजळी आणि डिंकाची शाई हे त्यांचे आवडते उदाहरण होते. कवच नसलेल्या काजळीच्या पाण्यात मीठ पडले की कणांवरील विद्युत्भाराचे संरक्षण संपते आणि गाळ बसतो. डिंक असेल तर शाई तग धरते. आपल्याकडे कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार हेच काम मिठापेक्षा जोमाने करतात. घरी शाई करून पाहणाऱ्याने ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे.

जुनी प्रत्येक शाई चांगली होती, असा मात्र समज नको. हरडा-बेहड्याच्या काढ्यात हिराकस घालून केलेली शाई दिसायला सुरेख काळी असते, पण तिच्यातील आम्ल आणि लोह यांनी कालांतराने कागद जळतो. अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे छिद्र उरते. पुण्यविजयजींनीही कागदासाठी अशा शाईचा निषेध केला आहे.

खानदेशात ही परंपरा डोळ्यांनी पाहायची तर धुळ्यास जावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झाले आणि गावोगाव पायपीट करून त्यांनी जमविलेल्या कागदपत्रांसाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच गावातील समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांनी मिळविलेली रामदासी मठांतील बाडे आहेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे. अक्षराचे वळण, ओळींची मांडणी, लेखणी, शाई, पोथीची निगा अशा गोष्टींची चर्चा एका संताला करावीशी वाटली, हे मला फार मोलाचे वाटते. संप्रदाय वेगळा, पण आपल्या ज्ञानभांडारांतील आणि या बाडांतील काळे अक्षर एकाच काजळाचे.

आता बॉलपेनकडे वळू. लास्लो बिरो हा हंगेरीचा पत्रकार. छापखान्याची शाई लगेच वाळते, मग पेनातील का वाळू नये, या विचाराने तो आणि त्याचा रसायनज्ञ भाऊ कामाला लागले आणि १९४३ मध्ये अर्जेंटिनात त्यांनी महत्त्वाचे पेटंट घेतले. टोकाशी फिरणारी सूक्ष्म गोळी आणि तिच्या खोबणीतील फट काही मायक्रॉनांची. पातळ शाई त्या फटीतून ओघळते. म्हणून त्यांनी पाणी सोडून मधासारखी दाट, विरघळलेल्या रंगाची शाई घेतली. पेन गळेना, वाळण्याचीही चिंता मिटली. पण टिकाऊपणाची बाजू लंगडी राहिली. आपल्याकडे तोवर दौत-टाकाचेच राज्य होते. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या पुडीचा आणि वड्यांचा जो उद्योग काढला, त्यातूनच पुढे ‘कॅमल’ घराघरांत पोचला.

पाण्यातील रंगकणांची शाई गोळीच्या टोकातून उतरवायची, तर परस्परविरोधी गुण एकत्र आणावे लागतात. शाई नळीत स्थिर असताना इतकी घट्ट हवी की कण खाली बसू नयेत आणि टोकातून थेंब गळू नये. गोळी फिरताच इतकी पातळ हवी की कागदावर सहज उतरावी. घट्ट लागलेले दही रवीने हलविले की सैल होते, तसे. फरक एवढाच की दही पुन्हा तसे लागत नाही. शाईने मात्र गोळी थांबताच पूर्ववत व्हायला हवे. जपानच्या साकुरा कंपनीच्या संशोधकांनी यासाठी अंड्याचा बलक सोडून पांढरा भाग, किसलेले कंद असे नाना खाद्यपदार्थ वापरून पाहिले. अखेरीस यश आले ते झँथन डिंकाने, आणि १९८४ मध्ये जेल पेन बाजारात आले. अंड्याचा प्रयोग फसला, याचे आपल्या वाचकांना समाधान वाटेल! झँथन हा साखरेवर जिवाणू वाढवून मिळविला जातो. त्याविषयी काय मानावे, हे मी गुरुभगवंतांवर सोपवितो.

बाकीचे घटकही आपापले काम करतात. कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास दळलेले असतात, नाहीतर फट तुंबते. टोकाशी शाई वाळू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल असते. गोळी आणि खोबणी झिजू नये म्हणून वंगण, धातू गंजू नये म्हणून गंजरोधक. रिफिलमध्ये शाईच्या मागे जो पारदर्शक, ग्रीससारखा थर दिसतो, तो पाणी उडू देत नाही आणि शाई मागे येऊ देत नाही. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावतो. तेव्हा टोपण न लावलेले पेन का बंद पडते, हे यावरून कळेल.

अहिंसेच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चीन-जपानच्या काजळशाईत कण बांधून ठेवतो तो जनावरांच्या कातड्याचा सरस. बाटलीतील जलरोधक काळ्या शाईत पुष्कळदा लाख असते. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे, तरी आपल्याच काही जुन्या कृतींत लाखेचा रस येतो, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. झाडाच्या डिंकावर उभी असलेली शाई या सर्वांत निर्मळ. जेल पेनातील ग्लिसरीन आणि वंगण मात्र वनस्पतिजन्य की प्राणिजन्य, हे नावावरून कळत नाही आणि पेनाच्या पाकिटावर हिरवा ठिपका नसतो. उत्पादकाला पत्र लिहून विचारणे एवढाच मार्ग.

जळगावच्या विद्यापीठात रंगतंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते, आणि त्या विद्यापीठाला नाव आहे बहिणाबाई चौधरींचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या उरल्या, त्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने ऐकता ऐकता वहीत उतरवून घेतल्या म्हणून. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी पुस्तक निघाले. त्या वहीची शाई उडाली असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

जपून ठेवण्याच्या लिखाणासाठी पेन घेताना रंगकणांची शाई असल्याचा उल्लेख पाहावा. दस्तऐवजी लेखनासाठी जेल पेनांचे आयएसओ २७६६८-२ हे मानक आहे, तोही उल्लेख शोधावा. काहीच लिहिलेले नसेल तर घरीच परीक्षा घेता येते. एका कागदाच्या तीन पट्ट्यांवर त्याच पेनने लिहावे. एक पट्टी पाण्यात बुडवावी, दुसरीवर स्पिरिटचा बोळा फिरवावा, तिसरी निम्मी झाकून दक्षिणेकडील खिडकीच्या काचेला चिकटवावी. आमच्या खिडकीत अक्षय्यतृतीयेपासून अशा सहा पट्ट्या होत्या. पर्युषणापर्यंत दोन निळ्या पट्ट्या अर्ध्या उडाल्या, एक लाल पट्टी तर पूर्णच. काळ्या जेलची पट्टी झाकलेल्या आणि उघड्या दोन्ही भागांत सारखी राहिली. त्याच पेनने आजीची दोन कडवी पुन्हा लिहून घेतली आहेत. तिसऱ्या कडव्याची जागा मोकळी सोडली आहे. समाजातील कोणा वृद्ध श्राविकेला ते पाठ असेल, अशी आशा आहे. चौकट आता खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीवर आहे.